बोर खिंडीचा उतार

उलानबातर, १४ नोव्हेंबर २०१७

दादा,

हिवाळा नीट लागला ना? जनावरांच्या अंगावर मांस आहे ना? रीत म्हणून एवढं विचारून घेते, आता खरं बोलते.

काल तुमच्याकडचा व्हॅनवाला गोन्चिग त्याची व्हॅन घेऊन आमच्या गॅरेजवर आला होता. चहा पिता पिता सहज म्हणाला, "तुझ्या भावानं बोर खिंडीच्या उतारावर गाडी बर्फात घातली, ठाऊक असेलच." मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, गाडीत चार माणसं होती आणि वळणावर बर्फाचा ढीग नसता तर खाली दरीच होती. ही गोष्ट मला परक्या माणसाच्या तोंडून कळली.

तू फोन करतोस तेव्हा टेकडीवर चढून करतोस, वारा कानात घोंगावत असतो, आणि "सगळं बरं आहे" म्हणून ठेवून देतोस. मी जास्त विचारलं की आपलं भांडण होतं. म्हणून हे पत्र. कागदावर खोटं बोलायला माणसाला जरा जास्त वेळ लागतो.

तुझी ती गाडी हायब्रिड आहे, इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी; तिला आपल्या जुन्या जीपसारखी समजू नकोस. जीपमध्ये तुझा पाय आणि चाक यांचं थेट नातं होतं. हायब्रिडला थांबवणारे दोन हात असतात. पहिला मोटरचा. ब्रेकवर पाय ठेवलास की मोटर उलटी राबते, गाडीचा वेग खाते आणि बॅटरीत भरते. दुसरा हात नेहमीचा, ब्रेक ऑइलच्या दाबाचा. कुठल्या हातानं किती धरायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. तुझा पाय फक्त मागणी करतो. लांब उतारावर बॅटरी भरली की पहिला हात सुटतो, गाडी क्षणभर पुढं उसळल्यासारखी वाटते, आणि सगळा भार दुसऱ्या हातावर येतो. थंडीत बॅटरी आणखी लवकर तोंड फिरवते. तो दुसरा हात अधू असला तर मग देवच राखणारा.

तेव्हा एक कर. गाडी चालू करून उभी ठेव, ब्रेकला पाय लावू नकोस. बॉनेटखाली घुर्र असा आवाज येईल. तो पंप. दाब भरून झाला की तो गप्प बसायला हवा. कुणी न बोलावता परत परत घुरघुरत असेल, तर दाब आतल्या आत निसटतोय. काय होतं ते लिही. आणि त्या दिवशी पेडल पायाला कसं लागलं तेही. मऊ, कडक, की खोल गेलं?

तोवर खिंडीतून माणसं नेऊ नकोस. खान्दावहिनीला सांग, मी रागावले आहे.

सोलोंगो


खोयोर मोद, २६ नोव्हेंबर

सोलोंगो,

तुझं पत्र दुकानात आठवडाभर पडून होतं. दुकानदारीणबाईंनी ते माझ्या हाती देताना असं पाहिलं की जणू मला कोर्टाचं बोलावणं आलंय.

गोन्चिगची जीभ त्याच्या व्हॅनपेक्षा जोरात पळते. चार माणसं नव्हती, तीन होती. बर्फात गाडी गेली, ढकलून काढली, सगळे हसले, सगळे घरी पोचले. यात कळवण्यासारखं काय होतं? तू उगाच लेकीला घेऊन शहराच्या धुरात बसलेली असतेस, त्यात माझी भर कशाला.

पण विचारलंस म्हणून सांगतो. खिंडीच्या माथ्यापर्यंत गाडी लोण्यासारखी चालते. खाली उतरायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या वळणावर मी ब्रेक दाबतो आणि तिथं काहीच नसतं. मऊ म्हणू की कडक म्हणू? पेडलच जागेवर नसल्यासारखं. मग जोरानं दाबलं की एकदम पकडतो. दरवेळी होत नाही. सकाळी निघताना तर कधीच नाही, नेहमी लांब चालवल्यानंतरच.

तू सांगितलंस तसं गाडी उभी करून ऐकलं. घुर्र करतो, थांबतो, आणि मी एकदा शिंकेपर्यंत पुन्हा घुर्र. खान्दा म्हणाली, हा तुमच्यासारखाच घोरतो.

माणसं नेऊ नको म्हणतेस. इथून जिल्ह्याच्या गावाला जायला गोन्चिग आठवड्यातून एकदा, नाहीतर मी. दवाखान्याची एकुलती एक व्हॅन अर्धा वेळ आजारी. कुणी दारात येऊन उभं राहिलं की मी काय सांगू, माझी बहीण रागावलीय म्हणून?

तुझा भाऊ
दम्दिन


उलानबातर, ५ डिसेंबर

दादा,

घुर्र ऐकून मला बरं वाटलं. हसू नकोस. नाव नसलेल्या दुखण्यापेक्षा नाव असलेलं दुखणं बरं.

ब्रेकच्या पंपाला एक कुपी जोडलेली असते. तिच्यात एका बाजूला वायू कोंडलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला ऑइल. तोच वायू दाब धरून ठेवतो. कुपी म्हातारी झाली की वायू झिरपून जातो, पंपाला सारखं धावावं लागतं, आणि ऐन वेळी दाब अपुरा पडतो. लांब चालवून सगळं तापलं की अडचण वाढते. तुझी लक्षणं त्यात बसतात.

गोन्चिगबरोबर पूर्ण ब्रेक युनिट पाठवतेय. मागून धडक बसून मोडीत निघालेल्या गाडीचं आहे, पण पुढचा भाग धड होता. मी स्वतः टेबलावर लावून दाब भरून पाहिलं, दुसऱ्या दिवशीही दाब टिकून होता. सोबत ब्रेक ऑइलचे बंद डबे आहेत. तुमच्या मेकॅनिक जाम्बाला सांग, त्याच्या टपरीतला उघडा डबा वापरायचा नाही. उघड्या ऑइलमध्ये पाणी शिरतं.

जाम्बाचा हात चांगला आहे, पण तो घाई करतो. आधी छोट्या बॅटरीची तार काढून गाडीला झोपू द्या. तार काढलेली नसताना गाडीचं दार कुणी उघडू नका. दार उघडलं की मालक आला असं समजून पंप आपोआप जागा होतो, आणि तेव्हा नळी सुटी असेल तर ऑइल जाम्बाच्या डोळ्यांत जाईल. नारिंगी तारांना हातही लावायचा नाही, त्यांच्यात माणूस मारायची ताकद असते. शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. ती पेडल मारून निघणार नाही, गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावूनच काढावी लागते. माझा स्कॅनर पाठवतेय. काय दाबायचं ते वेगळ्या कागदावर चित्र काढून दिलंय.

मीच आले असते. लेक तेर्गेल न्यूमोनियानं दवाखान्यात आहे. शहरभर कोळशाचा धूर, वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन मुलं. बरी होतेय, काळजी करू नकोस.

पेडल "जागेवर नसल्यासारखं" हे तुझे शब्द मात्र मला नीट कळले नाहीत. दाब कमी असला तर पेडल खोल जातं, नाहीसं होत नाही. पण तू काही मेकॅनिक नाहीस. तुझ्या परीनं बोललास.

सोलोंगो


खोयोर मोद, १० जानेवारी २०१८

सोलोंगो,

तुझा भाग बसवला. तू म्हणालीस तस्सं केलं. जाम्बानं दारावर पहारा ठेवला, त्याच्या बायकोलासुद्धा जवळ येऊ दिलं नाही. हवा काढली. पंप घुर्र करून गप्प झाला तेव्हा आम्ही दोघं कान लावून बसलो होतो, आणि त्याची शांतता ऐकून जाम्बानं टोपी काढली. नंतर दोन खेपा झाल्या. ब्रेक असा की बोट ठेवलं तरी गाडी ऐकते. तुला कळवणारच होतो.

तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच झालं.

गाडीत त्सेवेल आजी होत्या. वळण आलं, मी दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. मग एकदम असा लागला की गाडी आडवी फिरली आणि मागची बाजू खडकाला घासली. आजींनी तोल सावरायला हात पुढं केला आणि मनगट मोडलं. सगळा रस्ता मनगट छातीशी धरून बसल्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता गावात लोक म्हणतात, मेलेल्या गाडीचं काळीज याच्या गाडीत बसवलंय, ती काय धड चालणार. मी त्यांना गप्प करतो. पण तुला विचारतो, नीट तपासला होतास ना? तुझी मुलगी दवाखान्यात होती. तुझं लक्ष नसेल तर मी समजू शकतो. फक्त खरं सांग.

दम्दिन


उलानबातर, १७ जानेवारी

दादा,

तुझं पत्र वाचून मी गॅरेजच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. आधी त्सेवेल आजींच्या हाताचा विचार केला, मग तुझ्या प्रश्नाचा. राग आला नाही. मीही स्वतःला तेच विचारत होते.

लक्ष होतं. तरीही टेबलावर धड असलेली वस्तू थंडीत, उतारावर, हादऱ्यात वेगळी वागू शकते. पंपात एखादी झडप अडकत असेल. पेडलजवळचा सेन्सर मध्येच आंधळा होत असेल. पत्रावरून याहून जास्त मला सांगता येणार नाही, आणि अंदाजानं दुसरा भाग पाठवणं म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी मनगटाशी खेळणं.

म्हणून हे करायचं. स्कॅनर तुझ्याकडेच आहे. जाम्बाला तो जोडून 'नोंद' वर ठेवायला सांग. मग एकटा, रिकामी गाडी घेऊन, दिवसाउजेडी खिंडीपलीकडे जा आणि परत ये. चाकांना साखळ्या बांध. गिअरचा दांडा 'बी' वर ठेव, म्हणजे इंजिनच गाडीला मागं ओढत राहील आणि ब्रेक नाही लागला तरी वेग हाताबाहेर जाणार नाही. पेडल किती दाबलं, दाब किती आला, मोटरनं किती धरलं, सगळं स्कॅनर लिहून ठेवेल. तो माझ्याकडे परत पाठव.

झालं की गाडीची किल्ली वहिनीकडे दे. मी विनंती करत नाही.

सोलोंगो


खोयोर मोद, २५ जानेवारी

सोलोंगो,

गोन्चिगकडे स्कॅनर दिलाय. एकटाच गेलो होतो. परतीच्या उतारावर झालं, दोनदा. दुसऱ्यांदा बर्फात घालून थांबवली. आता वाच आणि काय ते कबूल कर. मला राग येणार नाही.

दम्दिन


उलानबातर, १ फेब्रुवारी

दादा,

मी नोंद वाचली. मग आमच्या गॅरेजच्या सगळ्यांत जुन्या मेकॅनिकला काही न सांगता वाचायला दिली. त्यानंही तेच सांगितलं.

दाब सगळ्या रस्त्याभर पुरेपूर आहे. पंप ठीक, झडपा ठीक. बॅटरी भरल्यावर मोटरनं हात सोडला तेव्हा ऑइलच्या ब्रेकनं भार पटकन उचललाय, मला इतका स्वच्छ आलेख क्वचितच पाहायला मिळतो. पेडलला दोन सेन्सर असतात, एक फसला तर दुसरा त्याची चुगली करतो. दोघं शेवटपर्यंत एकमेकांशी जुळतात.

आणि त्या दोन ठिकाणी, जिथं तू म्हणतोस की ब्रेक दाबला आणि लागला नाही, तिथं दोन्ही सेन्सर सांगतात की पेडल हललंच नाही. थोडंही नाही. उलट पहिल्या वेळी ॲक्सिलरेटर किंचित दाबला गेलाय.

गाडीनं पाहिलं तेवढंच मी सांगतेय. तुझा पाय ब्रेकवर पडला नव्हता.

तू खोटं बोलतोस असं मी म्हणत नाही. तू दाबलंस असं तुला वाटलं, हे मी खरं मानते. म्हणूनच मला भीती वाटतेय. नोव्हेंबरपासून मी गाडीचं दुखणं शोधतेय. लांब चालवल्यावर होतं म्हटलंस की मी म्हणायची गाडी तापते. लांब चालवल्यावर फक्त गाडीच तापत नाही, दादा. माणूसही तितकाच वेळ बसलेला असतो.

तुझा पाय कसा आहे? कंबर कशी आहे? चक्कर येते का? झापड येते का? यावर रागावू नकोस. आणि मला उत्तर देईपर्यंत गाडीत बसू नकोस.

सोलोंगो


खोयोर मोद, ८ फेब्रुवारी

सोलोंगोवन्सं,

मी खान्दा. मला लिहायची सवय नाही, समजून घ्या.

तुमचं पत्र त्यांनी वाचलं आणि चुलीत टाकायला निघाले. मी हातातून घेतलं. ते म्हणाले, "गाडीवर बसून तीस वर्षं झाली, आणि ही मला सांगते ब्रेक कुठं असतो ते."

तुम्हाला एक माहीत नाही. त्यांनी सांगू दिलं नव्हतं. शरदात घोडी धरायच्या वेळी ते दोरीचा फास बांधलेली फासदांडी घेऊन धावत्या घोड्यावरून पडले. कंबरेवरच पडले. चार दिवस उठवत नव्हतं. मी म्हटलं तुम्हाला फोन करू, तर म्हणाले, ती दवाखान्यात ओढून नेईल, इकडे गवत कोण आणणार. मग उठले, चालायला लागले, मीही विसरले. उजवा पाय थोडा घासत चालायचे. मला वाटलं वय झालं.

परवा जेवण करताना लोकर जळल्याचा वास आला. मला वाटलं पोरांनी काही टाकलं. पाहते तर त्यांचा उजवा पाय चुलीच्या लोखंडाला टेकलेला, मोज्यातून धूर निघतोय, आणि ते माझ्याशी शेळ्यांबद्दल बोलतायत. मी पाय ओढला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. वन्सं, त्यांचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तळव्याची कातडी सुटली होती आणि त्यांना काही कळलं नव्हतं.

म्हणाले, कुणाला सांगू नको, बरा होईल.

मी किल्ली माझ्या दागिन्यांच्या पेटीत ठेवली होती. पण आज सकाळी त्सेवेल आजी आल्या, गळ्यात हात बांधलेला. त्यांची सून उर्ना पोटुशी आहे, आठवा सरून गेला. तिचे पाय सुजलेत, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताचा दाब फार चढलाय, हिला आजच जिल्ह्याला न्या. दवाखान्याची व्हॅन दुसऱ्या रोग्याला घेऊन गेलेली, गोन्चिग शहरात. आजी म्हणाल्या, "माझा हात गेला तरी चालेल, पण हिला घेऊन जा." ते माझ्याकडे बघत राहिले. मी पेटी उघडली.

मीही गेले असते, पण शेळ्या व्यायला लागल्यात, कुणीतरी राहायला हवं. उर्नाचा नवरा खाणीवर आहे. दोघंच गेलेत. हे पत्र मी दुकानात ठेवायला आलेय, आणि गाडी अजून रस्त्यावर दिसतेय, टेकडीपाशी. लहान होत चाललीय.

खान्दा


उलानबातर, ९ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र माझ्याकडे अजून आलेलं नाही. काही लिहिलं असेल तर ते अजून वाटेत असेल. मी दुकानात फोन केला होता, दादानं पत्राचं उत्तर दिलं नाही म्हणून. दुकानदारीणबाईंनी सांगितलं की तो काल उर्नाला घेऊन गेला. दवाखान्यात पोचला का ते त्यांना माहीत नाही. खिंडीत वारा आहे म्हणाल्या. दादाचा फोन लागत नाही. जिल्ह्याच्या दवाखान्याचा नंबर सारखा व्यस्त आहे.

मी कामावर आहे. माझ्यासमोर एका टॅक्सीचा ब्रेक उघडा पडलाय आणि मला त्यातलं काही दिसत नाही. मालकांनी पाना हातातून काढून घेतला, म्हणाले बस जरा. हात रिकामे ठेवता येत नाहीत म्हणून लिहितेय.

त्याला मी भलतंच पत्र पाठवलं. पायाबद्दल आधी विचारायला हवं होतं, आलेखाबद्दल नंतर.

सोलोंगो


त्सेत्सेर्लेग, जिल्हा दवाखाना, १२ फेब्रुवारी

सोलोंगो,

फोनवर तू रडलीस आणि मला काही सांगता आलं नाही, म्हणून नीट लिहितो. इथं पालथं पडून लिहावं लागतंय, अक्षर लावून घे.

चढ नीट गेला. चाकांना साखळ्या होत्या. उर्ना मागं आडवी होती, डोळ्यांवर रुमाल. मी पायाकडे बघत गाडी चालवत होतो. कधी वाटायचं आहे, कधी वाटायचं नाही. माथ्यावर आलो तेव्हा थांबलो. तिथं दगडांच्या राशीला फेरी घातल्याशिवाय आपण कुणी खाली उतरत नाही, आणि मला जरा मोकळं व्हायचं होतं. बर्फ गुडघ्यापर्यंत. फेरी घालून परत येत होतो तर उर्नानं काच खाली केली.

म्हणाली, "दम्दिनकाका, तुमचा बूट मागं राहिला."

मी वळून पाहिलं. माझा उजवा बूट चार पावलं मागं बर्फात रुतून उभा होता. मी मोज्यावर चालत आलो होतो, आणि मला ठाऊक नव्हतं.

तुझ्या पत्रावर मी चिडलो होतो. चुलीनं भाजलं तेव्हाही स्वतःला समजावलं होतं की मोजा जाड आहे. पण तो बूट तिथं एकटा उभा राहिलेला बघितला आणि तुझी नोंद खरी होती हे मानलं. सोलोंगो, मी एवढी माणसं त्या उतारावरून नेली.

बूट घातला, पोरीजवळ गेलो आणि सांगितलं. "उर्ना, माझा उजवा पाय मेलाय. ब्रेक चांगला आहे, पाय नाही."

तिनं रुमाल काढला. "मग?"

"मागं फिरलो तरी उतारच आहे. थांबलो तर कुणी येईल की नाही सांगता येत नाही. वारा वाढतोय."

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "डावा जिवंत आहे ना?"

तिला पुढं बसवलं. हँडब्रेकच्या दांड्यावर तिचा हात ठेवला आणि सांगितलं, मी "ओढ" म्हटलं तर हळूहळू ओढायचं, एकदम नाही. माझ्या डेल अंगरख्याचा कमरपट्टा सोडला आणि उजवी पोटरी सीटच्या पायाला करकचून बांधली, म्हणजे तो पाय भटकत ॲक्सिलरेटरवर जायला नको. दांडा 'बी' वर टाकला आणि डावा पाय ब्रेकवर ठेवला.

डाव्या पायाला ब्रेकची रीत माहीत नसते. पहिल्या वळणावर एवढा दणका बसला की पोरीचं डोकं पुढं गेलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "लागतोय ना, मग झालं." दुसऱ्या वळणाला जरा बरं. तिसऱ्याला आणखी. आम्ही चालणाऱ्या माणसाच्या वेगानं उतरत होतो. घाम माझ्या डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात सुटा नव्हता, तर तिनं तिच्या रुमालानं पुसला, दुसरा हात दांड्यावरून न काढता.

खडकाच्या वळणापाशी, जिथं आजींचा हात मोडला, तिथं गाडी एकदम पुढं उसळली. पाय ब्रेकवरच होता, तरी गाडी निसटली. उर्नानं माझ्याकडे पाहिलं. मी "ओढ" म्हणणार, तेवढ्यात तुझं पत्र आठवलं. बॅटरी भरली, पहिला हात सुटला. म्हणजे दुसरा यायला हवा. मी डावा पाय तसाच दाबून धरला. आणि तो आला. त्या मेलेल्या गाडीच्या युनिटनं आम्हाला असं धरलं जसं कुणी मानगुटीला धरावं. गाडी वळणावर थांबली, पुढचं चाक कडेपासून हातभर आत.

आम्ही दोघं तिथं बसून राहिलो. पंप एकदा घुरघुरला आणि गप्प झाला. मी तुला नीट तपासलंस ना म्हणून विचारलं होतं. ते पत्र जाळून टाक.

खाली सपाटीवर आलो तेव्हा पट्टा सोडला नाही. तसाच, दोन्ही पेडलं डाव्या पायानंच दाबत, त्सेत्सेर्लेगपर्यंत आलो. दवाखान्याच्या दारात मला उतरता येईना. नर्सनं आधी उर्नाला नेलं, मग परत येऊन मला बांधलेला पाहून विचारलं, तुम्हाला कुणी पकडून आणलंय का.

उर्नाचं पोट उघडून बाळ काढलं. मुलगी आहे, एवढीशी, पण आवाज मोठा. आईचा दाब उतरला. माझ्या मणक्यातली गादी सरकून नस दाबतेय म्हणाले. बसलं की जास्त दाबते. काही महिन्यांपूर्वी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही. तुमच्याकडे मोठ्या दवाखान्यात पाठवणार आहेत. पाय परत येईल की नाही, ते सांगत नाहीत.

मी येतोय. या वेळी तू ओढून नेण्याची गरज नाही.

दम्दिन


खोयोर मोद, २७ मे

सोलोंगो,

दवाखान्यातून सुटून तुझ्या घरी पडून राहिलो तेव्हा रोज बोलत होतो, त्यामुळे आता पत्र लिहायला जड जातंय. तेर्गेलला सांग, तिनं दिलेली काठी वापरतो. फक्त वासरं तिला घाबरतात.

गाडी खान्दा चालवते. शिकायला पंधरवडा लागला आणि शिकवायला मला माझं उरलंसुरलं आयुष्य लागलं. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं की मी तोंड उघडलं तर ती मला उतरवून देईल, आणि एकदा खरंच उतरवलं. आता लोक माझ्याऐवजी तिला विचारत येतात. त्सेवेल आजी पुढच्या सीटवर बसतात आणि मला मागं पाठवतात. त्यांचं मनगट वाकडं जुळलंय. त्या कधी बोलून दाखवत नाहीत. मी त्यांच्यासाठी शेण वाळवून आणतो, सरपण फोडतो, तेही त्या बोलून दाखवत नाहीत.

काल आम्ही उर्नाला आणि तिच्या लेकीला लस टोचायला घेऊन त्सेत्सेर्लेगला गेलो होतो. जाताना खान्दा बोर खिंड उतरत होती. बर्फ गेलाय, रस्ता कोरडा आहे, आणि ती माझ्यापेक्षा सावकाश, माझ्यापेक्षा चांगली उतरते. तरी प्रत्येक वळणावर मी मागच्या सीटवर बसून उजवा पाय जमिनीत रोवत होतो. मूर्खपणा आहे, पण बंद होत नाही. तुझे डॉक्टर म्हणाले होते की सहा महिन्यांत पायात काही जाणीव आली तर येईल, नाहीतर धरून चाला की येणार नाही. मी धरून चाललो होतो.

खडकाच्या वळणावर मी असाच पाय रोवला आणि अंगठ्यात सुई टोचल्यासारखी कळ गेली. पुढच्या वळणावर पुन्हा रोवला. पुन्हा कळ, आधीपेक्षा जास्त.

खान्दानं आरशातून विचारलं, "काय झालं? जोरात घेतलं का?"

मी म्हटलं, "नाही. चांगलं घेतलंस."

तिला अजून सांगितलेलं नाही. आज सकाळपासून मी बूट काढून बसलोय आणि अंगठा दाबून दाबून पाहतोय. दुखतोय, सोलोंगो. चांगलाच दुखतोय.

दम्दिन